दोन लिप्या, एक लेकरू: घरी करता येईल असं अभ्यासाचं साहित्य

पांढरकवड्यात आपल्या मोहल्ल्यातलं लेकरू घरी उर्दू बोलतं, दुकानात मराठी बोलतं आणि मोबाइलवर हिंदी ऐकतं. तीन भाषा कानावर पडतात ही खरं तर दौलत आहे. पण उर्दू शाळेतून मराठी शाळेत नाव घातलं की हेच लेकरू गणिताच्या तासाला गप्प बसतं. त्याला गणित येत असतं, फक्त 'मुसल्लस' म्हणजेच 'त्रिकोण' हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो. यातूनच पुढे "याचं डोकं चालत नाही" असा शिक्का बसतो, आणि मुलगी असेल तर शाळाच सुटते.

हा शिक्का पुसायचं काम घरी होऊ शकतं. त्यासाठी एक साधा मोबाइल, थोडा पुठ्ठा आणि रोजची वीस मिनिटं पुरतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणून नाव शाळेतच राहू द्या. घरचा अभ्यास हा शाळेचा जोडीदार आहे. ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांच्यासाठी दहावी-बारावीचा १७ नंबरचा फॉर्म आहे. १४ वर्षं पूर्ण झाली असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी देता येते. अशा मुलींना तर घरचं साहित्य हाच मोठा आधार.

सुरुवात बालभारतीपासून

बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, मराठी माध्यमाच्याही आणि उर्दू माध्यमाच्याही. एकाच इयत्तेचं गणित दोन्ही माध्यमांत उतरवा. धडे तेच, आकृत्या त्याच, फक्त भाषा वेगळी. दोन्ही पानं शेजारी ठेवून शब्दांच्या जोड्या काढा: त्रिकोण–मुसल्लस, क्षेत्रफळ–रकबा, अपूर्णांक–कसर, गुणाकार–जर्ब, भागाकार–तकसीम. एका धड्यातून आठ-दहा जोड्या निघतात. अम्मीला उर्दू वाचता येतं आणि ताईला मराठी, तर दोघींनी मिळून बसा. लेकरू आपोआप मध्ये येऊन बसतं.

कार्ड तयार करताना

शादीच्या जुन्या पत्रिका फेकू नका, त्यांचा पुठ्ठा कार्डांसाठी उत्तम. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू, मध्ये आकृती. हाताने लिहिलं तरी चालतं. मोबाइलवर टाइप करून छापणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, अक्षराचं वळण. शाळेच्या पुस्तकातलं उर्दू नस्तालीक वळणाचं असतं. बऱ्याच मोबाइलवर मात्र ते नस्ख वळणात, म्हणजे अरबी छपाईसारखं सरळ रेषेत दिसतं. मोठ्यांना फरक जाणवत नाही, पण नवं वाचणारं लेकरू अडतं. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट फुकट मिळतो, तो वापरा. दुसरी गोष्ट दिशेची. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते, पण तिच्यातली संख्या डावीकडूनच वाचायची असते. यासाठी एक वेगळं कार्ड करा: उर्दू वाक्यात ३५२ लिहा आणि त्याखाली बाणाने दिशा दाखवा.

कार्डाला आवाज द्या

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी अनेकांना ठाऊक आहेत. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कवितेचा आवाज, व्हिडिओ, गोष्ट किंवा स्वाध्याय समोर येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी ९ शिक्षकांत वाटली.

हीच युक्ती घरी करता येते. मोबाइलच्या रेकॉर्डरवर नानीच्या किंवा अब्बूंच्या आवाजात शब्द आणि एक वाक्य बोला, दोन्ही भाषांत. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवा, लिंकचा कोड काढा आणि कार्डावर चिकटवा. फाइल उघडण्याची परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी ठेवा, नाहीतर दुसऱ्या मोबाइलवर ती उघडणार नाही.

नेट नसेल तर? क्यूआर कोडमध्ये लिंकऐवजी सरळ मजकूरही भरता येतो. तो स्कॅन करायला नेट लागत नाही, कारण मजकूर त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींतच असतो. पण जागा मर्यादित असते. सर्वांत मोठ्या कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं आणि उर्दूचं २. शिवाय मजकूर वाढला की चौकटी बारीक होतात आणि स्वस्त कॅमेऱ्याला त्या वाचता येत नाहीत. म्हणून एक-दोन वाक्यांचं कोडं किंवा उत्तर, एवढंच भरा. ठराविक मुदतीनंतर बंद पडणारे कोड देणाऱ्या ॲपपासून दूर राहा. 'स्टॅटिक' कोड निवडा.

हाताचं काम सोडू नका

मोबाइलवर त्रिकोण पाहणं वेगळं आणि तो हातात धरणं वेगळं. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला देशभरातल्या मुलांना शिकवलं. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. छताच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे लेकराला तिथेच समजतं. काड्यांचं गुल आधी काढून टाका.

विज्ञानासाठी ओल्या कापडात हरभरा किंवा मूग ठेवा. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो काढा. आठ दिवसांचे आठ फोटो ओळीने लावून भरभर सरकवले की मोड वाढताना दिसतो. आपल्या भागात घरात कपाशीचं बियाणं असतंच, पण पेरणीच्या पाकिटातलं बी यासाठी घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.

थोडी शिस्त

मोबाइल लेकराच्या हातात एकटा देऊ नका. कोड स्कॅन केला, ऐकलं, मोबाइल खाली ठेवला आणि वहीत लिहिलं, हा क्रम पाळा. लेकरांचे चेहरे आणि नावं असलेले व्हिडिओ मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कार्डाचा फोटो पाठवला तरी पुरे.

चार घरांनी मिळून एकेक धडा वाटून घेतला, तर महिनाभरात एका पुस्तकाचा बराच भाग तयार होतो. संच झाला की डब्यात भरा आणि शेजारच्या घरी द्या. पुढच्या वर्षी शाळा बदलणाऱ्या लेकराला तो उन्हाळ्यातच मिळाला, तर जूनमध्ये वर्गात त्याचा हात वर जाईल.