सापशिडीतली मार्कोव्ह साखळी

सापशिडीत तुमची सोंगटी ४७व्या घरात आहे. ती शिडी चढून आली की सापाच्या तोंडी पडून घसरली, याने पुढच्या खेळात काडीचाही फरक पडत नाही. पुढचे घर ठरते ते फक्त आताच्या घरावरून आणि पडणाऱ्या दानावरून. मागचे काहीच न लागणाऱ्या अशा मालिकेला ‘मार्कोव्ह साखळी’ म्हणतात. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ साली ही कल्पना मांडली. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधल्या २०,००० अक्षरांतले स्वर-व्यंजनांचे क्रम मोजून ती भाषेलाही लावून दाखवली.

आता शेवटची घरे पाहा. ९४ ते ९९मध्ये साप नाही आणि १००व्या घरासाठी नेमकेच दान लागते, असे धरू. ९९वर १ हवा, ९६वर ४, ९४वर ६. म्हणजे सोंगटी यांपैकी कुठेही असली तरी सुटण्याची शक्यता दर खेपेला एक षष्ठांशच. म्हणून ९४वरून काय नि ९९वरून काय, सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो! पुढे सरकल्याचा फायदा शून्य.

मुलांना शक्यतेचे गणित शिकवायचे असेल, तर आधी सापशिडीचा पट मांडा, सूत्रे नंतर.