करोडगिरीचा नाका (लेखांक सहावा)

ब्रिटनचे आकडे आज मांडायचे ठरले होते, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गेवराईहून एका वाचकांचा फोन आला. म्हणाले, "सर, ब्रिटन युरोपच्या बाजारातून बाहेर पडलं त्याचा हिशेब मांडताय, पण आपला बीड जिल्हाच इतकी वर्षं हद्दीपलीकडे होता, त्याचा हिशेब कुणी मांडला?" हा प्रश्न माझ्याही मनात कित्येक वर्षं घोळतो आहे. आता राहवत नाही.

सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, आणि त्या राज्याचं जकात खातं म्हणजे करोडगिरी. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर मूळ दर शेकडा 5, तोही 1802 च्या व्यापारी तहापासूनचा. बाहेर जाणाऱ्या मालावरही जकात होतीच. नगरहून जामखेडला जाणारा रस्ता नकाशात बघा. चिचोंडी पाटील इंग्रजांकडे, कडा आणि आष्टी निजामाकडे, पुढचं जामखेड पुन्हा इंग्रजांकडे. त्या एका रस्त्यावर गाडीवानाला हद्द दोनदा ओलांडावी लागे.

आष्टीकडच्या एका बाबांनी मला नाका सांगितला होता. कडब्याची गाडी आली की शिपाई लांब सळई घेऊन कडब्यात खुपसायचा, आत कापडाचा तागा दडवलाय का ते बघायला. इकडून खुपस, तिकडून खुपस, आणि तोवर बैल जुवाखाली ताटकळत. जकात किती भरली ते बाबांना आठवत नव्हतं. बैल उभे राहिलेले मात्र लख्ख आठवत होते. शुल्क नसतानाही ब्रिटनचा व्यापार का अडतो, हे कोडं मला तिथंच उमगलं. युरोपशी झालेल्या करारानं 2021 पासून दोन्हीकडच्या मालावर आयातशुल्क नाही, पण माल कुठं तयार झाला याचे दाखले आले, तपासण्या आल्या, कागद आले. शुल्क शून्य असलं तरी ट्रक थांबतोच.

नाक्यावर पैशांचीही अदलाबदल होती. आमच्या आजीच्या पेटीत निजामाचा एक रुपया होता. त्यावर चारमिनार, आणि मधल्या कमानीत उस्मान या नावातलं 'ऐन' हे एकच अक्षर. निजामाच्या हाली शिक्क्याचे 116 रुपये 10 आणे 8 पै दिले की इंग्रजांचे 100 कलदार रुपये मिळत, म्हणजे साताला सहा. नगरच्या पेठेत कापूस विकणाऱ्याला हे गणित तोंडपाठ असावं लागे.

मग नुकसान किती धरायचं? पहिला मोह असा होतो की हद्दीपलीकडचा नगर जिल्हा हा बीडचा जुळा भाऊ मानावा आणि दोघांतला फरक जकातीच्या नावावर लिहावा. मीही बरीच वर्षं तसंच बोलत होतो, ते चुकीचं होतं. नगरकडे भंडारदऱ्याचं धरण 1926 चं, प्रवरेचे कालवे, 1950 चा प्रवरानगरचा साखर कारखाना. हे सगळं करोडगिरीच्या खात्यावर कसं टाकणार? रेल्वेचं मात्र मला वेगळं वाटतं. परळीची रेल्वे विकाराबादमार्गे हैदराबादकडे जाणारी, नगरकडे तोंड नसलेली. हद्द नसती तर बीडहून नगरकडे जाणारा रूळ कदाचित कुणीतरी टाकला असता. म्हणून रेल्वेचा काही वाटा मी हद्दीच्या माथी मारतो.

पण सगळा नाही. हैदराबाद भारतात आलं त्या दिवशी नाके उठले नाहीत. तिजोरीचा मोठा आधार जकात होती, म्हणून 1950 च्या घटनेच्या कलम 306 नं अशा राज्यांना ती जास्तीत जास्त दहा वर्षं चालू ठेवायची मुभा दिली होती. पुढं जकात संपली, नोव्हेंबर 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीड आणि नगर एकाच सरकारखाली आले. तरी बीडहून नगरला पहिली रेल्वे सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. मधल्या जवळपास सत्तर वर्षांचा दोष करोडगिरीला देता येत नाही, तो आपल्याच सरकारांना द्यावा लागतो.

बीडला नगर हा खरा जुळा ठरला नाही, तसा खरा जुळा ब्रिटनलाही नाही. म्हणून अर्थतज्ज्ञांनी इतर देशांचे थोडे थोडे अंश जोडून युरोपचा बाजार न सोडलेलं, कागदावरचं एक ब्रिटन तयार केलं आणि खऱ्या ब्रिटनच्या शेजारी ठेवलं. त्यात कोविड मधेच येतो, तो वेगळा कसा काढला, ते पुढच्या लेखांकात.