लॅप स्टील गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर व पूरक साहित्य

लॅप स्टील गिटार हे मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे तंतुवाद्य आहे. भारतात ते हवाईयन गिटार या नावाने अधिक परिचित आहे. डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवून स्वर बदलतात व उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात. पोकळ पेटीची हवाईयन गिटार स्वतःच्या आवाजावर ऐकू येते. विजेवरील लॅप स्टील मात्र भरीव लाकडाची वा धातूची असते आणि तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर हे या वाद्याचे निम्मे अंग ठरते. नवा वादक बहुधा सगळा पैसा गिटारीवर घालतो आणि उरलेल्या रकमेत मिळेल तो अ‍ॅम्प्लिफायर घेतो. हा क्रम उलटा असणे अधिक हिताचे आहे.

पार्श्वभूमी

कांडी सरकवून गिटार वाजवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू यांना दिले जाते. त्यांनी ती १८८९च्या सुमारास विकसित केली असे मानतात. व्यापारी यश मिळालेली पहिली विद्युत गिटार हीदेखील लॅप स्टीलच होती. रिकनबॅकरची ही गिटार १९३२ पासून विक्रीस आली व तिच्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून प्रसिद्ध झाली. लिओ फेंडर यांनी १९४५च्या सुमारास भागीदारीत जो व्यवसाय आरंभला, त्यात लॅप स्टील व अ‍ॅम्प्लिफायर जोडीनेच विकले जात.

भारतात हे वाद्य कोलकाता व मुंबई या दोन शहरांत रुजले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली व हजारासिंह, तर कोलकात्यात सुनील गांगुली यांनी गीतांच्या धून वाजवून ते घरोघरी पोहोचवले. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काबरा यांची गिटार ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतून सर्वदूर गेली. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्काराचा मान मिळाला. मोहनवीणा पोकळ पेटीची असल्याने तिच्यासमोर ध्वनिग्राहक ठेवूनही काम भागते. भरीव लॅप स्टीलला ती सोय नाही. गोंदिया हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शन या दोन्ही शहरांना जोडलेले असले, तरी येथील वादकाला अशा साहित्यासाठी नागपूर किंवा त्यापलीकडे पाहावे लागते. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर वाजवून पाहण्याची संधी मिळतेच असे नाही. म्हणून निवडीमागचे तत्त्व ठाऊक असणे महत्त्वाचे.

अ‍ॅम्प्लिफायर

रॉक संगीतातील गिटारवादक अ‍ॅम्प्लिफायरला मुद्दाम ताण देऊन आवाज फाटका करतो. लॅप स्टीलवर धून वाजवणाऱ्याला नेमके उलटे हवे असते. मींड व आस हा या वाद्याचा प्राण आहे; दोन-तीन तारा एकत्र छेडल्या असता स्वर फाटू लागले, तर त्यांच्या मिश्रणातून नको ते स्वर उपजतात व सुरावट गढूळ होते. अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजातही स्वच्छ राहिला पाहिजे. याचा अर्थ, त्यात नेहमीच्या गरजेपेक्षा अधिक शक्ती शिल्लक हवी.

शिल्लक शक्तीचे आणखी एक कारण आहे. छेडलेली तार हळूहळू विरते. वादक आवाजाचे पेडल आधी अर्धेच उघडे ठेवतो आणि तार विरू लागताच ते दाबत जातो. त्यामुळे स्वर गायकाच्या श्वासासारखा लांबतो. अ‍ॅम्प्लिफायर आधीच पूर्ण ताकदीने चालत असेल, तर पेडल दाबून काहीच साधत नाही.

वॅटच्या आकड्यांनी मात्र भुलू नये. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. उलट, त्याच शक्तीवर ३ डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर घेतला, तर शक्ती दुप्पट केल्याइतकाच परिणाम होतो. जाहिरातीत वॅट ठळक छापलेले असतात व स्पीकरची ही क्षमता बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. विचारायचे ते हेच. घरच्या रियाजाला १० ते २० वॅट व लहान सभागृहाला ३० ते ६० वॅट साधारणपणे पुरतात. १२ इंची स्पीकर खर्जातील तारांना भरदार ठेवतो.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर गोड वाजतो, पण तो जड, महाग व नाजूक असतो. ट्रान्झिस्टरचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजासाठी तितकाच उपयुक्त ठरतो आणि गावोगावी नेण्यास तोच बरा. ऑर्केस्ट्रातील कीबोर्डचा अ‍ॅम्प्लिफायरही चालतो. मात्र त्याचा तीव्र स्वरांचा स्पीकर कांडीची खरखर उघडी पाडतो, तेव्हा ट्रेबल कमी करावा. थोडा रिव्हर्ब धूनला खुलवतो. तो अति झाला की सूर चुकलेला लपतो, हे खरे. पण चुकणे थांबत नाही.

मांडवातील वादन व विजेची सुरक्षितता

गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमीची नाटके हिवाळ्यात खुल्या मांडवात रात्रभर चालतात. अशा जागी भिंती नसल्यामुळे आवाज परतून येत नाही, आणि एकट्या अ‍ॅम्प्लिफायरने प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे कठीण असते. अ‍ॅम्प्लिफायरपुढे ध्वनिग्राहक ठेवून किंवा ‘डीआय बॉक्स’मार्फत गिटार ध्वनिक्षेपण यंत्रणेला जोडतात. गिटारीची वायर मिक्सरच्या साध्या लाइन जोडणीत थेट घातल्यास स्वर मंद व निस्तेज होतो. पिकअपला सुमारे १ मेगाओम रोध असलेली जोडणी लागते.

धोका वेगळाच आहे. वादकाच्या हातातील कांडी, बोटांतील नख्या व तारा हे सारे धातूचे असून तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. मांडवात अर्थिंग नसेल किंवा ध्वनिग्राहक दुसऱ्याच वीजजोडणीवर असेल, तर ओठ ध्वनिग्राहकाला लागताच विजेचा धक्का बसू शकतो. दवाने ओली झालेली जमीन तो अधिक घातक करते. घुमणारा आवाज बंद व्हावा म्हणून तीन पिनांच्या प्लगातील मोठी पिन काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते. घुमण्यावर दुहेरी वेटोळ्याचे पिकअप वापरणे, किंवा गिटार ट्रान्सफॉर्मर व नळीच्या दिव्यांपासून दूर फिरवणे हे खरे उपाय होत. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या २३० व्होल्टवर लावल्यास जळतो. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

पूरक साहित्य

कांडी जड व अगदी गुळगुळीत असावी. हलक्या कांडीखाली तार खडखडते आणि अ‍ॅम्प्लिफायर तो खडखडाटही मोठा करतो. गोल टोकाची कांडी तिरकी धरण्यास सोपी, तर कडेने खाच असलेली नवशिक्याच्या पकडीत चांगली बसते.

पेडल घेताना रोध पाहावा. साध्या पिकअपसाठी ५०० किलोओमचे पेडल योग्य असते. कीबोर्डसाठी बनवलेले कमी रोधाचे पेडल वापरल्यास चढे स्वर बुजतात. वायर ५–६ मीटरहून लांब असल्यासही तसेच घडते.

तारा जुळणीनुसार घ्याव्यात. ‘सी सिक्स्थ’ या जुळणीत तारा खालून वर सा, ग, प, ध, सां, गं अशा लागतात. जी मेजरमध्ये सा, ग, प यांची दोनदा आवृत्ती होते. नेहमीच्या गिटारीचा संच जी मेजरला लावला, तर सहावी तार तीन अर्धस्वर चढवावी लागते आणि ती तुटण्याची भीती असते. कमी खरखरणाऱ्या, घासून गुळगुळीत केलेल्या गुंडाळी तारा मिळाल्यास त्या घ्याव्यात. पावसाळ्यातील दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. वादनानंतर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात व जादा संच हवाबंद डब्यात ठेवावा.