अपराजित, तरीही अपात्र : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील निवडीचा वाद

तेरा सामने, तेरा विजय आणि तरीही विजेतेपदाच्या स्पर्धेत स्थान नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर ३ डिसेंबर २०२३ रोजी ही वेळ आली. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाद फेरीत तेव्हा केवळ चार संघांना प्रवेश मिळत असे. तेरा सदस्यांच्या निवड समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा यांची निवड केली. यांपैकी टेक्सास आणि अलाबामा हे संघ प्रत्येकी एक सामना हरलेले होते.

फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पायाच्या गंभीर दुखापतीमुळे संघाबाहेर गेला होता. त्याच्याविना हा संघ पूर्वीइतका समर्थ राहिलेला नाही, असे समितीचे मत पडले. या निर्णयाचे पडसाद इतके तीव्र उमटले की, फ्लोरिडाच्या तत्कालीन महाधिवक्त्यांनी निवडप्रक्रियेची चौकशी सुरू केली.

निवड समितीची गरज का भासते?

या खेळाच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. खेळ अंगमेहनतीचा आणि दुखापतींचा असल्याने नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारणतः १२ सामनेच खेळतो. बहुतेक संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असून त्यांचे बरेचसे सामने आपल्याच गटात होतात. साहजिकच, बहुसंख्य संघांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. क्रिकेटच्या विश्वचषकात गुण समान झाल्यास निव्वळ धावगती निर्णय देते. तिथे सर्वांची कसोटी एकाच मैदानी व्यवस्थेत लागलेली असते. येथे मात्र कोणाचे दहा विजय कोणाच्या अकरा विजयांपेक्षा मोलाचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते.

याला इतिहासही कारणीभूत आहे. हंगामानंतरचे ‘बाउल’ सामने मुळात निमंत्रणावर आधारलेले प्रदर्शनीय सामने होते. त्यांपैकी पहिला १९०२ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे झाला. राष्ट्रीय विजेता अनेक दशके वृत्तपत्रांतील क्रीडालेखकांच्या व प्रशिक्षकांच्या मतदानातून ठरत असे. १९९८ च्या हंगामापासून मतदान आणि संगणकीय गणिताची सांगड घालून अंतिम फेरीचे दोन संघ निवडले जाऊ लागले. परंतु २००४ मध्ये ऑबर्न विद्यापीठ अपराजित राहूनही अंतिम सामन्याबाहेर राहिले. गणितानेही तक्रार मिटली नाही. अखेर २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आणि निवड समिती अस्तित्वात आली.

उत्तम की पात्र?

वादाचे मूळ समितीच्या दुहेरी जबाबदारीत आहे. सर्वोत्तम संघ निवडणे हे तिचे घोषित काम. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, परस्परांतील निकाल, गटविजेतेपद यांचा विचार होतो. प्रमुख खेळाडूंची अनुपलब्धताही विचारात घेण्याची मुभा नियमांतच आहे. पण ‘आज कोण जिंकेल’ आणि ‘हंगामभर कोणी कमावले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्लोरिडा स्टेटच्या समर्थकांनी दुसरा प्रश्न विचारला, समितीने पहिल्याचे उत्तर दिले.

पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा समितीचे समर्थक सरसावले. मात्र त्या सामन्यातून संघाच्या अनेक नियमित खेळाडूंनी माघार घेतली होती. त्यामुळे मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

जागा वाढल्या, वाद कायम

२०२४ च्या हंगामापासून बाद फेरीत १२ संघ खेळू लागले. क्रमवारीत वरच्या पाच गटविजेत्यांना हमखास प्रवेश आणि उर्वरित सात जागा समितीच्या क्रमवारीनुसार, अशी तेव्हाची रचना होती. त्याच वर्षी समितीच्या क्रमवारीत सहाव्या असलेल्या ओहायो स्टेटने विजेतेपद पटकावले. जुन्या चार संघांच्या पद्धतीत या संघाला प्रवेशच मिळाला नसता.

तरीही ७ डिसेंबर २०२५ रोजी नवा वाद पेटला. दहा विजय आणि दोन पराभव अशी समान कामगिरी असलेल्या मायामी व नोत्र दाम यांपैकी समितीने मायामीला निवडले. हंगामाच्या प्रारंभी मायामीने नोत्र दामला २७-२४ असे हरवले होते, हा त्यामागील आधार. त्यात तथ्य होते. पण तो निकाल ठाऊक असूनही आधीचे अनेक आठवडे समितीने नोत्र दामला वरचे स्थान दिले होते आणि शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही मैदानात उतरले नव्हते. संतप्त नोत्र दामने अन्य कोणताही बाउल सामना खेळण्यास नकार दिला.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. २०२५ च्या हंगामात बाद फेरीत प्रवेश मिळाल्यावर संघाच्या गटाला ४० लाख डॉलर मिळत आणि पुढील प्रत्येक फेरीगणिक रक्कम वाढत जाई. खेळाडूंसाठी तर महाविद्यालयीन कारकिर्दीची वर्षे मोजकीच असतात.

जागा आणखी वाढवाव्यात, असा एक मतप्रवाह आहे. त्याने वाद पाचव्या क्रमांकावरून तेराव्यावर आणि तेथून आणखी खाली सरकेल, संपणार नाही. शेवटच्या जागेसाठी कोणी तरी वगळले जाणारच. मात्र कोणत्या निकषाला किती वजन, हे हंगामापूर्वीच ठरले आणि ते अखेरपर्यंत तसेच राहिले, तर वगळलेल्या संघाला निदान आपण का वगळलो गेलो हे कळेल. फ्लोरिडा स्टेट आणि नोत्र दाम यांची तक्रार नेमकी याच ठिकाणी एकत्र येते.