राघूची ढोली

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी ओसरीवर एक पिंजरा टांगलेला असायचा. त्यात आजीचा मिठू. सकाळी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी पेरूची फोड आणि कौतुक म्हणून एक हिरवी मिरची. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो "कोण आहे?" असं अस्सल मराठीत विचारायचा आणि शेजारच्या बांना "आवजो" म्हणायचा. घरातला पहिला दुभाषी तोच, असं आजोबा म्हणत.

संध्याकाळी पोपटांचे थवे ओरडत कमाटीबागेकडे जायचे. तेव्हा मिठू गजांना लोंबकळून जिवाच्या आकांताने किंचाळायचा. आम्ही मुलं टाळ्या पिटायचो, "मिठू गातोय!"

मी कॉलेजात असताना मिठू गेला. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. तिच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण मागच्या वर्षी माझ्या लेकीने जुना फोटो पाहून विचारलं, "आई, मिठूची आई कुठे होती गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला लागले आणि पोपटांच्या मागेच लागले.

आपण राघू म्हणतो तो हिरवा, लाल चोचीचा पोपट. नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असतो, तोही वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उमटतो. हा पक्षी काड्यांचं घरटं बांधत नाही. जुन्या झाडाची ढोली, तांबटाने किंवा सुतार पक्ष्याने कोरून सोडलेलं भोक, कधी पडक्या भिंतीतली फट, अशी जागा शोधून तो ती चोचीने मोठी करतो. मादी साधारण ४ ते ६ अंडी घालते आणि तीनेक आठवडे उबवते. पुढे सहा-सात आठवडे पिल्लं आतच वाढतात. पिल्लं पकडणारे नेमके याच दिवसांत झाडावर चढतात आणि ढोलीत हात घालतात. कधी ढोलीचं तोंड फोडतात, म्हणजे पुढच्या वर्षीची जागाही गेली. आमचा मिठू अशाच एखाद्या ढोलीतून आला असणार.

आज हे कायद्याने बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९९१च्या दुरुस्तीनंतर देशी पक्ष्यांचा व्यापार थांबवला गेला. आपल्याकडचा कुठलाही देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानात दिसणारे रंगीत बजरीगार मूळचे ऑस्ट्रेलियातले आणि पिंजऱ्यातच पैदास झालेले, ती गोष्ट वेगळी.

"पण पोपट तर ढिगाने दिसतात!" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. राघू खरंच चिवट आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंच्या वंशजांचे थवे आज लंडनच्या बागांतही दिसतात. पण त्याचा थोरला भाऊ, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, ज्याला बाजारात 'पहाडी' म्हणतात, तो जगाच्या यादीत 'संकटसमीप' म्हणून नोंदला गेला आहे. तो बोलतो छान, म्हणून मागणी जास्त. शरीर मोठं, म्हणून ढोलीही मोठी लागते, आणि तेवढी ढोली म्हाताऱ्या झाडातच मिळते. अशी झाडं आपण 'वाळलं' म्हणून आधी तोडतो.

आमच्या सोसायटीतही हेच झालं. फेब्रुवारीत कमिटीने वठलेला गुलमोहर पाडायचं ठरवलं. फांदी गाडीवर पडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण लेकीने खोडातल्या ढोलीत एक जोडी ये-जा करताना पाहिली होती. तिने वहीत आठ दिवसांच्या वेळा लिहिल्या आणि ती वही घेऊन आम्ही मीटिंगला गेलो. बरीच वादावादी झाली. शेवटी वरच्या धोकादायक फांद्या कापून खोड जूनपर्यंत ठेवायचं ठरलं. एप्रिलमध्ये ढोलीतून तीन डोकी डोकावली. त्यांतली दोन पिल्लं उडताना आम्ही पाहिली. तिसऱ्याचं काय झालं, कळलं नाही.

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे खोड गेलं. लेक रडली. तेव्हा मी तिला मॉरिशसची गोष्ट सांगितली. तिथे आपली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि तिथेच आपल्या राघूचा एक सख्खा नातेवाईक राहतो, 'एको' नावाचा पोपट. जंगलं गेली, ढोल्या गेल्या आणि १९८०च्या दशकात जगभरात मिळून हे जेमतेम दहाएक पक्षी उरले. मग संशोधकांनी लाकडी पेट्या टांगल्या, जादा खाणं दिलं, अशक्त पिल्लं हातावर वाढवली. आज ते पोपट शेकड्यांनी आहेत.

आम्हीही एक पेटी करून कडुनिंबावर टांगली. त्याशिवाय दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या पक्षीगणनेत भाग घ्यायचं ठरवलं. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि कळवायचे. ते तुम्हीही गच्चीवरून करू शकता. आणि उत्तरायणाला भल्या सकाळी आणि संध्याकाळी पतंग खाली उतरवा, कारण थव्यांच्या जाण्यायेण्याची वेळ तीच. कुणाच्या घरी जुना पोपट असेल तर त्याला परस्पर सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला उडणं आणि अन्न शोधणं जमत नाही. वनखात्याशी बोला.

बडोद्याचं जुनं नाव वटपद्र, आणि वडोदरा हे नाव 'वटोदर' म्हणजे वडाचं पोट यावरून आलं, असं सांगतात. झाडाच्या पोटात जागा असते, हे आपल्या गावाच्या नावातच आहे.

आमच्या पेटीत या वर्षी बिऱ्हाड आलं. राघू नाही, मैना! लेक आधी हिरमुसली, मग हसत सुटली. आता दुसरी पेटी करायला घेतली आहे.