नोकरी सुटली की विमाही सुटतो

आमचे अनेक कारागीर बंधू आधी कारखान्यात नोकरी करतात आणि पुढे स्वतःचे दुकान किंवा गॅरेज टाकतात. मालकाने आरोग्य विमा काढलाच आहे, मग वेगळी पॉलिसी कशाला, असे ते आम्हांला विचारतात.

मालकाच्या सामूहिक विम्याचे फायदे आहेत. हप्ता बहुधा मालकच भरतो आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजारही पुष्कळदा पहिल्या दिवसापासून धरले जातात. मात्र नोकरी सुटली की हे संरक्षण संपते. पन्नाशीत, मधुमेह जडल्यावर नवी पॉलिसी मागायला जावे, तर हप्ता चढा, नाही तर सरळ नकार.

वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता आपल्या खिशातून जातो आणि वयाबरोबर वाढतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबायला लावू शकते. पण हप्ता वेळेवर भरला, तर ही पॉलिसी आयुष्यभर चालते. तिच्यावरील १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

म्हणून आमचा सल्ला असा : नोकरी आणि प्रकृती ठीक असतानाच, लहान रकमेची का होईना, कुटुंबाची पॉलिसी काढावी. थांबण्याची मुदत नोकरीतच सरून जाईल. ते जमले नसेल, तर नोकरी सोडतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करावा. सामूहिक विम्यातील वर्षे त्यात मोजली जातात. अर्जात आजार मात्र लपवू नये. ऐन वेळी दावा त्यामुळे फेटाळला जाऊ शकतो.