बदकांचे नर-मादी एकत्र, तरी पैदास आटोक्यात

परसातील डबक्यात पोहणारी बदकांची जोडी घरास शोभा आणते, आणि अंडी मिळतात ती वेगळीच. परंतु नर व मादी एकत्र ठेवून अंड्यांकडे दुर्लक्ष केले, तर हौसेने आणलेल्या दोन-तीन बदकांचा मोठा कळप होण्यास वेळ लागत नाही. पिल्लांत साधारणपणे निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत, दाणा मात्र खातात, आणि वयात आल्यावर माद्यांना जेरीस आणतात. म्हणून नको असलेली पैदास रोखणे हा घरखर्चाचा तसाच पक्ष्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

अंडे आणि पिल्लू

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंडी देण्यासाठी मादीला नराची गरज नसते. नर नसला तरी ती अंडी देते. मात्र ती अफलित असतात व त्यांतून पिल्लू निघत नाही. नराच्या सहवासात अंडी फलित होतात. तरीही पिल्लू तयार होण्यास त्यांना सतत ऊब मिळावी लागते. सामान्य जातींत हा काळ सुमारे २८ दिवसांचा, तर मस्कोव्ही जातीत सुमारे ३५ दिवसांचा असतो. ही ऊब मिळू न देणे हाच सर्वांत सोपा व निरुपद्रवी उपाय होय. ताजे फलित अंडे खाण्यास अफलित अंड्याइतकेच चांगले असते.

अंडी रोज उचला

बदके बहुधा पहाटे व सकाळी अंडी देतात. त्यांना नऊ-दहा वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवावे, म्हणजे अंडी झुडपांत दडवली जात नाहीत. बदके बाहेर सोडताच गवताखाली नीट पाहून सर्व अंडी उचलावीत व थंड जागी ठेवावीत. उन्हाळ्यात यात हयगय करू नये; कारण कडक उन्हाळ्यात नुसत्या हवेच्या उष्णतेनेही फलित अंड्यातील गर्भाची वाढ सुरू होऊन अंडे नासते.

घरटे रोज रिकामे होते म्हणून मादी दुसरी जागा शोधू लागली, तर लाकडाची एक-दोन खोटी अंडी तेथे ठेवावीत. खाकी कॅम्पबेल व इंडियन रनर जातींच्या माद्या क्वचितच खुडूक होतात. मस्कोव्हीची मादी मात्र वर्षातून अनेकदा खुडूक होते. तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे. लपविलेल्या घरट्यातील जुनी अंडी खाण्यास वापरू नयेत.

नर किती असावेत?

एका नरामागे पाच-सहा माद्या हे प्रमाण योग्य आहे. नर अधिक झाल्यास मादीच्या मानेवरील पिसे उपटली जातात, पाठीवर जखमा होतात, आणि पाण्यात अनेक नरांच्या झुंबडीत मादी बुडूनही मरते. सामान्य जातीचा प्रौढ नर शेपटीवरील वळलेल्या पिसांवरून व घोगऱ्या आवाजावरून ओळखता येतो. मादी मोठ्याने ओरडते. मस्कोव्हीचा नर मादीपेक्षा बराच मोठा असतो.

जादा नर असतील तर त्यांचा वेगळा वाडा करावा. मध्ये जाळी असल्यास दोन्ही बाजूंचे पक्षी एकमेकांना पाहू शकतात. बदक हा कळपात राहणारा पक्षी असल्याने कोणासही एकटे ठेवू नये. नरांना कोंबड्यांतही सोडू नये. त्यांच्या संगाने कोंबड्यांना गंभीर इजा होते. नर वेगळे केल्यावरही सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळण्याचा संभव असतो. तोवर अंडी उचलण्याचा क्रम मोडू नये.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बदके घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबास आधीच विचारावे की, अंडी हवीत की पिल्ले? केवळ अंडी हवी असल्यास फक्त माद्या घ्याव्यात. लहान पिल्लांचे लिंग सहज ओळखता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांनंतर आवाजावरून निवड करणे सोपे जाते. खरेदीच्या वेळी घेतलेली ही खबरदारी पुढील सर्व उपायांपेक्षा स्वस्त पडते.